जुन्या पिकअपचे गंजलेले ब्रेक पाइप बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं हायड्रॉलिक ब्रेकच्या, म्हणजे ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकच्या गाड्यांबद्दल आहे: बोलेरो पिकअप, टाटा ४०७ आणि त्याच वर्गातले जुने टेम्पो. त्यातही मिरकरवाडा, हर्णै, मालवण, अलिबागकडून मासळी ओढणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण ब्रेक पाइप सडवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. हवेच्या ब्रेकचे मोठे ट्रक यात धरलेले नाहीत. त्यांच्या नळ्या, जोड, सगळंच वेगळं.

गाडी अजून दणकट आहे, मग ब्रेक पाइपच आधी का सडतात?

चेसिसचा पत्रा काही मिलिमीटर जाड असतो. ब्रेक पाइप बाहेरून मोजला तर बहुतेक पिकअपमध्ये ४.७५ मिलिमीटर भरतो आणि त्याची भिंत पाऊण मिलिमीटरसुद्धा नसते. चेसिस वर्षानुवर्षं गंजाचे पापुद्रे टाकत उभी राहते, पण तेवढ्याच गंजात पाइप आरपार जातो. पाइपवर जस्ताचा किंवा प्लॅस्टिकचा लेप असतो खरा. पण खडी उडून तो एका जागी सोलला की खारं पाणी आत शिरतं आणि लेपाखालून पसरत जातं. वरून पाइप गुळगुळीत दिसतो, नखाने खरवडलं की लाल भुगा हातात येतो.

मासळीच्या गाडीत भर अशी की क्रेटमधला बर्फ वितळत राहतो आणि मासळीचं खारं पाणी रात्रभर फळ्यांच्या फटीतून खाली ठिबकतं. ते नेमकं कुठे पडतं, तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब पाइपवर. त्यात कोकणातला पाऊस, दमट हवा आणि किनाऱ्यावरची वाळू. इथल्या गाडीचं वय नुसत्या वर्षांवर मोजू नका.

नेमकं कुठे बघायचं?

जिथे सहज दिसत नाही तिथे. पाइप चेसिसला ज्या क्लिपांनी धरलेला असतो त्या क्लिपांच्या आत माती आणि मीठ अडकून ओलं राहतं, आणि पाइप सडायला सुरुवात तिथूनच होते. दोन क्लिपांमधला पाइप बरा दिसला म्हणून गाडी पास करू नका. प्रत्येक क्लिप सोडवून पाइप कापडाने पुसा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा आणि बोट फिरवा. खड्डे लागले, पापुद्रा निघाला किंवा पाइप फुगल्यासारखा लागला तर तो गेला असं समजा. ओलसर काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथून ऑइल पाझरायला लागलेलंच आहे.

यानंतर हौसिंगवरून, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या आवरणावरून, दोन्ही मागच्या चाकांकडे जाणारे आखूड पाइप बघा. चाक उडवतं तो चिखल थेट त्यांच्यावर बसतो. डिझेलच्या टाकीमागचा भाग बघायला खाली झोपावंच लागतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. लाकडाचे दणकट ठोकळे किंवा स्टँड लावा, उरलेल्या चाकांना गुटके लावा.

थोडंसंच गळतंय, ब्रेक लागतोय. सीझन संपेपर्यंत चालवू का?

नाही. टायरमध्ये आपण ४०–६० पौंड हवा भरतो. ब्रेक जोरात दाबला की पाइपमधला दाब १००० पौंडांच्या वर जातो. सिग्नलला हळू दाबताना जो पाइप नुसता पाझरतो, तोच आंबा घाटात भरल्या गाडीने कचकन ब्रेक मारला की फाटतो. पाइप फुटतो तो बहुतेकदा सगळ्यात जास्त गरज असते त्याच क्षणी, कारण सगळ्यात जास्त दाब तेव्हाच येतो.

एम-सील, रबराची पट्टी, जुबली क्लिप हे प्रकार या दाबापुढे टिकत नाहीत. गॅरेजला न्यायचं तर टो करून न्या.

मिस्त्री म्हणतो, गळणाऱ्या चाकाचा पाइप ठोकून बंद करू, तीन चाकांवर चालव. चालेल का?

हा जुगाड महामार्गावर सर्रास चालतो. पाइप दुमडून हातोडीने चेपायचा, ऑइल भरायचं, चला. पण मागचं एक चाक असं बंद केलं की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, आणि ओल्या रस्त्यावर तर मागचा भाग फिरतो. पुढचं चाक बंद केलं असेल तर स्टीअरिंग हातातून हिसकलं जातं. शिवाय चेपलेला जोड किती वेळ धरेल याची खात्री ठोकणाऱ्यालाही नसते. निर्जन घाटात अडकलात तर माणसाला बसने पाठवा, माल दुसऱ्या गाडीत चढवा. मासळी सडेल हे मान्य आहे. तरी उत्तर तेच.

फुटला तेवढाच तुकडा कापून नवीन जोडला तर?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

गाडीतले सगळे लोखंडी पाइप एकाच दिवशी बसले, एकाच रस्त्यावर फिरले, एकच पाणी प्यायले. एक फुटला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. आज तुकडा टाकला, नवीन पाइप पूर्ण दाब धरायला लागला, की पुढची कमकुवत जागा महिन्या-दोन महिन्यांत तोंड उघडते. त्यात प्रत्येक तुकड्यासोबत दोन नवीन जोड येतात आणि प्रत्येक जोड ही गळण्याची नवी जागा असते. गॅस वेल्डिंगने पितळ भरून केलेला जोड तर मुळीच नको. तिथला पाइप तापून मऊ पडतो आणि आत राख राहते. पाण्याच्या नळाला वापरतात तसे रिंग दाबून बसणारे कॉम्प्रेशन जोडही ब्रेकला चालत नाहीत.

अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्यामुळे हा आजार तिकडेही जुना आहे. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ मॉडेलच्या पिकअप आणि एसयूव्हींचे ब्रेक पाइप गंजतात अशा तक्रारींची चौकशी तिथल्या वाहन-सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने केली आणि २०१५ साली रिकॉलचा आदेश न देता ती बंद केली. ही वयाने होणारी झीज आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मालकांना दिलेला सल्ला मात्र आपल्याही कामाचा आहे: गाडी खालून धुवा, पाइप तपासत राहा, आणि गंज जास्त असेल तर तुकडा न घालता पूर्ण संच बदला. डेट्रॉइट-शिकागोकडे जुना पिकअप बाळगणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

माझं मत विचाराल तर दहा वर्षांवरच्या मासळीच्या गाडीत एक पाइप फुटला की सगळेच काढा. गाडी उघडायची मजुरी एकदाच पडते.

नवीन पाइप कोणता घ्यावा? फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप स्वस्त पडतो.

फ्रिज-एसीचा तांब्याचा पाइप ब्रेकला वापरू नका. नवा असताना तो सुंदर वाकतो, जोडासाठी पसरवायचं त्याचं तोंडही छान फुलतं, म्हणून मिस्त्रींना आवडतो. पण चेसिसच्या थरथरीने तांबं हळूहळू कडक होत जातं आणि मग नटाच्या मुळाशी त्याला तडा जातो. गंज दिसणार नाही, पाझर दिसणार नाही, थेट तुटेल.

राहिले तीन पर्याय. कंपनीचा तयार वाकवलेला लोखंडी पाइप मिळाला तर बसवायला सोपा असतो, पण त्याचं आयुष्य पहिल्यासारखंच. स्टेनलेस स्टील गंजत नाही, मात्र ते इतकं कडक असतं की साध्या हत्याराने त्याचं तोंड नीट फुलत नाही आणि जोड गळतो. तिसरा तांबे-निकेलचा, ज्यात साधारण दहा टक्के निकेल आणि थोडं लोखंड असतं. तो हाताने वाकतो, तोंड व्यवस्थित फुलतं आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. जहाजांमध्ये समुद्राचं पाणी वाहून नेणारे पाइप याच मिश्रधातूचे असतात. व्होल्व्हो १९७६ पासून आपल्या गाड्यांना हेच ब्रेक पाइप लावत आली आहे. किनाऱ्यावरच्या गाडीला मी दुसरं काही सुचवणार नाही. फक्त घेताना ‘ब्रेक पाइप’ म्हणून छापलेला, जाडी लिहिलेला घ्या. नुसता लालसर रंग बघून घ्याल तर तांबंच घरी घेऊन याल.

पाइपचं तोंड कसं फुलवायचं? एकदा फुलवलं तर पुरेल ना?

एकेरी फुलवलेलं तोंड ब्रेकला चालत नाही, नट आवळताना ते चिरतं. ब्रेकला दोन प्रकार येतात. पहिल्यात तोंड आत दुमडून मग ४५ अंशांत पसरवतात, म्हणजे तिथे पत्रा दुहेरी होतो. दुसऱ्यात टोक फुग्यासारखं गोल बाहेर येतं, त्याला बबल म्हणतात. एकाच्या जागी दुसरं बसवाल तर नट आवळला जाईल, कदाचित दोन दिवस गळणारही नाही, पण बैठक खराब होईल. ओळखायचं कसं? जुना पाइप काढल्यावर भोकात टॉर्च मारा. आत मधोमध शंकूसारखा उंचवटा असेल तर दुहेरी, खोलगट बैठक असेल तर बबल.

काम करताना क्रम असा. पाइप आरीने कापू नका, छोट्या पाइप-कटरने गोल फिरवत कापा. आतली-बाहेरची धार घासून काढा. नट आधी पाइपवर चढवा, बरोबर बाजूने. सुंदर तोंड फुलवून झाल्यावर नट टेबलावर पडलेला दिसला की परत कापणं आलं. मग साच्यात पाइप घट्ट धरा, गुटक्याने पहिला दाब, गुटका काढून शंकूने दुसरा. पाइप साच्यात घसरला तर तोंड तिरकं होतं. तिरकं, चिरलेलं, एका बाजूला पातळ झालेलं तोंड दिसलं की कापून टाका. आवळल्यावर बसेल म्हणून सोडू नका. शेवटी पाइपमधून कॉम्प्रेसरची हवा मारा. किस आत राहिला तर तो मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) नाहीतर चाकाच्या सिलिंडरचं रबर खातो.

नट घेताना आटे मोजून घ्या. १० मिलिमीटर मेट्रिक नट आणि ३/८ इंची नट दिसायला भाऊ-भाऊच. चुकीचा नट दोन-तीन आटे हाताने जातो आणि मग अडतो. तो पान्याने रेटला की सिलिंडरचे आटे गेले.

जुने नट सुटतच नाहीत. गोल झाले.

साधा फिक्स पाना लावला की ते गोल होणारच, कारण तो दोनच बाजू धरतो. ब्रेकच्या नटासाठी एका बाजूने फट असलेला रिंग पाना मिळतो, तो घ्या. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी हातोडीने हलके ठोके द्या.

पाइप बदलायचाच आहे तर सगळ्यात सोपी युक्ती ही: नटाच्या मागे पाइप सरळ कापून टाका आणि नटावर सहा-कोनी सॉकेट चढवा. पूर्ण पकड मिळते आणि नट पाइपसकट फिरला तरी फिकीर नाही. आग लावून तापवणं शेवटचा उपाय, तोही आत ऑइल नसताना आणि जवळ रबर नसताना. ब्रेक ऑइल पेट घेतं.

एअर काढायचं (ऑइलमधली हवा बाहेर सोडायचं) निपल तुटलं तर? त्याच्याशी झुंजत बसण्यापेक्षा मागच्या चाकाचा सिलिंडर नवीन घालणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

पाइप कुठून न्यायचा, किती लागेल?

जुना पाइप शक्यतो अख्खा काढून जमिनीवर ठेवा, तोच नमुना. तो तुटून आला तर मार्गावर सुतळी लावून मोजा आणि वाकणांसाठी थोडा जास्त घ्या. कंपनीने दिलेला मार्ग सोडू नका. सायलेन्सरजवळून नेलात तर ऑइल तापेल, कमान-पाट्यांजवळून नेलात तर खड्ड्यात चेपेल. क्लिपा सगळ्या लावा, मूळ जागेवर, नवीन. मोकळा लोंबणारा पाइप थरथरून नटाजवळ तुटतो.

रबरी होजही बदलायचे का?

हो. जुना होज बाहेरून चिरतो ते दिसतं, आतून फुगतो ते दिसत नाही. आतून बंद झालेला होज ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि मग चाक जाम राहून ड्रम किंवा डिस्क तापते. बोल्टाने बसणाऱ्या होजला दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवीन टाका.

एअर नीट निघत नाही. क्रम काय?

सर्वसाधारण नियम, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर पुस्तक खरं.

दोन माणसं लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. खालचा ओरडतो “दाब… धर!”, वरचा पेडल धरून ठेवतो, खालचा निपल अर्धा फेरा सोडतो, बुडबुडे बाहेर, निपल बंद, मग “सोड!”. निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा परत आत. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची डबी मधेच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून.

दोन गोष्टी इथे बरेच जण विसरतात. एक, जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारू नका, खाली लाकडाची फळी ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं रबर जिथवर जात नाही तिथे आत गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल तळाला गेलं की रबर त्यावर घासतं, आणि चांगला सिलिंडर एअर काढताना मरतो. दोन, मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का बघा. चेसिसवर व्हॉल्व्ह आणि तिथून हौसिंगला जोडलेला दांडा किंवा स्प्रिंग असते. गाडी रिकामी असली की हा व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी करतो, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. चेसिसला जॅक लावून हौसिंग लोंबत ठेवलं तर त्याला वाटतं गाडी रिकामी, आणि तो मागचं ऑइल अडवतो. मग मिस्त्री तासभर पंप मारतो आणि मागे धार येत नाही. वजन चाकांवर ठेवून एअर काढा. काही व्हॉल्व्हना स्वतःचं निपल असतं, तेही उघडा. हा दांडा गंजून जाम झालेला असतो, हात लागलाच आहे तर तोही मोकळा करा.

ऑइल कोणतं?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं, साधारणपणे डॉट ३ किंवा डॉट ४. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीला डॉट ४ बरं. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण दोन्ही हवेतलं पाणी शोषतात आणि मग तेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत येतात. म्हणून कपाटातली अर्धी उघडी बाटली वापरू नका आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल, यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल, स्टीअरिंगचं लाल ऑइल, डिझेल यांचा थेंबही नको, सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

सगळं झालं. रस्त्यावर काढायच्या आधी काय तपासू?

इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा. कागदावर डाग आला तर जोड परत उघडा, नुसता आणखी आवळू नका. पेडल हळूहळू खाली जातंय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं रबर आतून गेलं. पेडल मऊ आणि दुसऱ्या दाबाला वर येतंय, तर हवा राहिली किंवा मागचे लायनर ॲडजस्ट करायचे राहिले. मग रिकामी गाडी सपाट मैदानात, हळू. माल भरणं त्यानंतर.

घाटात अचानक पेडल खाली गेलं तर?

पेडल भराभर मारा. दोन सर्किटच्या, म्हणजे ऑइलचे दोन वेगळे मार्ग असलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बाजू फुटली तरी दुसरी बऱ्यापैकी खालून का होईना धरते. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. तो हळूहळू ओढा, झटक्यात नाही. इंजिन बंद करू नका, नाहीतर बूस्टर (पेडलच्या दाबाला मदत करणारा भाग) आणि पॉवर स्टीअरिंगही जाईल. जुन्या जीपच्या जमान्यातल्या काही गाड्यांना एकच सर्किट असतं, त्यांना हँडब्रेक आणि गिअर एवढाच आधार.

हे घरी करता येईल?

पाइप काढणं, मार्ग लावणं, क्लिपा बसवणं जमेल. तोंड फुलवायचं हत्यार आधी कधी धरलं नसेल तर ते काम जाणत्याकडून करून घ्या, किंवा भंगार पाइपवर हात बसेपर्यंत गाडीला लावू नका.

पासिंगला काही अडचण?

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि ब्रेक तपासले जातात. मूळ मार्गाने, योग्य नट-क्लिपांनी बसवलेल्या पाइपला हरकत घ्यायचं कारण नाही. चेपून बंद केलेला पाइप किंवा लोंबणारा जोड दिसला तर गाडी परत येईल, आणि यावी.

हे काम कधी काढावं आणि पुढे काय जपावं?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा गाड्याही उभ्याच. पण मिठासकट उभी केलेली गाडी त्या दोन महिन्यांत वर्षभराइतकी सडते. म्हणून मेअखेर ती खालून गोड्या पाण्याने धुवा, क्लिपांच्या आतसुद्धा धार मारा, वाळू द्या आणि मगच शेडमध्ये घाला. बरेच जण खालून जुनं इंजिन ऑइल मारतात. चेसिसला ठीक, पण रबरी होज आणि ड्रम कापडाने झाकल्याशिवाय नको. पाइप बदलायचे असतील तर जूनमध्येच गॅरेज गाठा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच ब्रेक आठवतात आणि मिस्त्री फोन उचलत नाही.